रोजच्या मोटारीला नव्या स्प्रिंगा घालाव्यात काय?



काल ह्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले. उद्या, कार्यक्रमपत्रिकेवरून दिसते, राज्याच्या अर्थकारणावर आहे. ह्या दोहोंच्या मध्ये मोटारीच्या स्प्रिंगा येऊन बसल्या ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चिटणिसांनाही वाटले. पण मी त्यांना एवढेच म्हटले की, आज सभागृहात जमणाऱ्या मंडळींपैकी निम्मी तरी मोटारीने येतील, येताना कोपऱ्यावरचा गतिरोधक ओलांडतील आणि ओलांडताना प्रत्येकाच्या तोंडून काही एक उद्गार निघेल. त्या उद्गारावर तासभर बोलायला माझी ना नाही. त्यांनी हसून विषय लिहून घेतला.

एकतीस वर्षे मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवले. ह्या वर्षांत स्प्रिंगेचे सूत्र फळ्यावर किती वेळा लिहिले असेल ह्याचा हिशेब नाही. तरीही २०१७ साली स्वतःच्या मोटारीच्या बाबतीत मी अशी चूक केली की, माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ती केली असती तर मी लाल शाईने रेघ मारली असती. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडे शास्त्र.

मोटार आणि रस्ता ह्यांच्यामध्ये दोन गोष्टी असतात आणि त्या दोहोंची कामे वेगळी आहेत. एक स्प्रिंग आणि दुसरा शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपले मिस्त्री शॉकअप म्हणतात. नावावरून वाटते की धक्का शॉकअप गिळतो. तसे नाही. धक्का घेते ती स्प्रिंग. चाक खड्ड्याच्या कडेवर चढले की ती दबते आणि धक्का साठवून ठेवते. साठवलेले ती परत देणारच. तो तिचा धर्म आहे. शॉकअप नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी कितीतरी वेळ खालीवर होत राहील. शॉकअपमध्ये तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके व झडपा असतात. तेल त्या वाटेने कष्टाने जाते, तापते, आणि स्प्रिंगेने साठवलेली शक्ती उष्णता होऊन निघून जाते. जुन्या टांग्याला शॉकअप नव्हता. तिथे पाट्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासत आणि ते घर्षणच डोलणे थांबवी. म्हणून पाट्यांना फार तेल पाजणारा टांगेवाला स्वतःचेच नुकसान करून घेई.

आता मऊपणाचे माप. स्प्रिंग किती मऊ आहे हे सांगायची एक सोपी रीत आहे: गाडीच्या वजनाने ती किती दबून बसली आहे ते पाहावे. पंचवीस सेंटिमीटर दबली असेल तर गाडी सेकंदाला एक ह्या लयीने डोलेल. अकरा सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला दीड, आणि सहा सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला दोन. रोजच्या वापराच्या मोटारी साधारणपणे एक आणि दीडच्या दरम्यान ठेवतात. आपण चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावले पडतात. म्हणजे ह्या लयींची शरीराला जन्मापासून सवय आहे. पण तीच लय सेकंदाला चार ते आठ ह्या पट्ट्यात गेली की बसलेल्या माणसाचे पोट, पाठ आणि मणके तिला फार लवकर कंटाळतात. मोटार बनवणाऱ्याची सारी खटपट आपल्याला त्या पट्ट्यापासून दूर ठेवण्याची असते.

मग स्प्रिंग मऊच का करीत नाहीत? कारण मऊ स्प्रिंगेला दबायला जागा लागते, आणि लहान मोटारीत चाकाला वर जायला वीतभरही जागा नसते. जागा संपली की रबराचा ठोकळा लागतो आणि ‘धाड’ असा आवाज येतो. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात टू-सीव्ही नावाची एक लहानशी, दिसायला अगदीच गबाळी मोटार मांडली. ती शेतकऱ्यांसाठी होती, आणि कंपनीच्या प्रमुखांची अट अशी होती की नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तरी एकही फुटू नये. अट पुरी झाली. स्प्रिंगा अतिशय मऊ, चाकांना खालीवर व्हायला भरपूर वाव, आणि पुढचे चाक मागच्या चाकाशी जोडलेले. पण तीच मोटार वळणावर इतकी कलते की पाहणाऱ्याला वाटावे, आता उलटणार! अंडी शाबूत राहिली, पण बसणाऱ्याच्या पोटात गोळा आला. हा सौदा त्या कंपनीने डोळे उघडे ठेवून केला होता. प्रत्येक मोटारीच्या पोटात असा एक सौदा असतो. आपण बाजारातून दुसरी स्प्रिंग आणतो तेव्हा तो सौदा मोडतो, आणि बहुधा त्याच्या अटी न वाचताच मोडतो.

दुसरी गोष्ट मॉरिस ऑली ह्या इंग्रज अभियंत्याची. हे गृहस्थ रोल्स-रॉइस सोडून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. त्यांनी एक मोटार घेऊन तिला पुढेमागे सरकवता येतील अशी वजने लावली, स्प्रिंगा बदलत्या ठेवल्या, आणि माणसांना बसवून विचारले, ‘कसे वाटते?’ आपल्याकडे असले काही सांगितले की लोक म्हणतील, ह्याला शास्त्र म्हणायचे काय? पण त्यातून निघाले ते पुढे साऱ्या मोटार उद्योगाने मानले. तोवर मोटारींच्या पुढच्या स्प्रिंगा कडक असत. ऑली ह्यांना आढळले की पुढचे मऊ आणि मागचे थोडे कडक हवे. कारण साधे आहे. उंचवट्यावर पुढचे चाक आधी जाते, मागचे नंतर. ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीत हे अंतर सुमारे पाव सेकंदाचे. पुढची बाजू आधी डोलू लागते. मागची उशिरा सुरुवात करते, पण तिची लय जलद असेल तर ती पुढचीला गाठते आणि दोघी एकत्र खालीवर होतात. गाडी सपाट राहते. उलट झाले तर पुढची वर असताना मागची खाली, मागची वर असताना पुढची खाली, असे चालते. रवीने ताक घुसळावे तसे आतले माणूस घुसळले जाते.

आता माझी हकीकत.

माझी मोटार त्या वेळी नऊ वर्षांची होती. लहान, पाच दारांची, सरकारी नोकराला परवडेल अशी. आम्ही साताऱ्यास राहतो. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिच्या कमरेचा एक मणका दबला होता आणि दर पंधरवड्याला तिला उपचारासाठी पुण्यास न्यावे लागे. गाडी गतिरोधकावर पुढून ‘धाड’ असा आवाज करू लागली होती, आणि एकदोनदा पोटही टेकले. पुतण्या म्हणाला, ‘काका, पुढच्या स्प्रिंगा बसल्या आहेत. कडक घालून टाका, अर्धा इंच उंचही होईल.’ मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने स्प्रिंगा दाखवल्या: लाल रंगाच्या, चकचकीत, अगदी देवळातल्या घंटेसारख्या टांगलेल्या. ‘शॉकअप बदलायचे का?’ असे मी विचारले. ‘अजून दोन वर्षे काढतील,’ असे उत्तर आले, आणि मी ते मानले. इथे माझी पहिली चूक झाली. दुसरी अशी की, घरी व्हर्नियर कॅलिपर असून मी आधी माप घेतले नाही.

नंतर घेतले. जुन्या स्प्रिंगेची तार दहा मिलिमीटर, नवीची अकरा. वेढे तेवढेच, वेढ्यांचा व्यास तेवढाच. आपण म्हणाल, एका मिलिमीटरने काय होते! पण स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. दहाची अकरा झाली की कडकपणा दीडपटीच्या जवळ जातो, नेमके सांगायचे तर शेकडा सेहेचाळीसने वाढतो, आणि डोलण्याची लय शेकडा एकवीसने. माझ्या गाडीची पुढची लय आधी सेकंदाला सुमारे सव्वा असावी. ती दीडच्या घरात गेली. मागची मूळची तेवढीच, आणि आई व तिची उशी-पिशवी मागे बसली की त्याहून कमी. म्हणजे ऑलीसाहेबांनी १९३०नंतर जे सरळ केले होते ते मी नऊ हजार रुपये देऊन उलटे करून घेतले! शिवाय कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते. तिला आवरायला शॉकअपही जास्त तगडा लागतो, आणि माझे तर थकलेले होते.

पहिल्या दिवशी मी खूश होतो. गाडी उंच दिसत होती, वळणावर कमी कलत होती, पोट टेकत नव्हते. पुढे बसणाऱ्याला फारसे जाणवतही नव्हते. शिरवळच्या पुढे आई मागून म्हणाली, ‘अरे, गाडीला हीव भरलंय का?’ मी म्हणालो, ‘सवय होईल.’

सप्टेंबरात एकदा पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात पाऊस होता. एका वळणावर, रस्ता लाटालाटांचा झालेला, पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढून टणटण उड्या मारू लागली. चाक जमिनीवरून उचलले गेले की त्याला पकड नसते. मग ब्रेक कितीही चांगला असो, तो चाक थांबवतो, गाडी नव्हे. ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. आई साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढे तीन आठवडे ती अंथरुणावर होती. ते गाडीमुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही तसे सिद्ध करू शकत नाही. पण त्या तीन आठवड्यांत मला रात्री झोप लागत नसे, एवढे खरे.

त्यानंतर मी आमच्या पेठेतल्या एका वयस्क मिस्त्र्यांकडे गेलो. शिक्षण सातवीपर्यंत, हाताला ग्रीस. त्यांनी स्प्रिंगांकडे पाहिलेही नाही. गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवले, पहार लावून खालचा आर्म दाबला, आणि म्हणाले, ‘सर, बुश फाटलेत. वरचं माउंटही गेलंय. डावा शॉकअप ओला आहे, बघा.’ पाहिले तर शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ. मूळचा ‘धाड’ हा आवाज स्प्रिंगेचा नव्हताच. दोन-चारशे रुपयांचे रबर ओरडत होते आणि मी त्याला गप्प करण्यासाठी लोखंड विकत आणले होते.

त्यांनी काय केले ते सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या उपयोगी पडेल. त्यांनी आधी चाकांतली हवा पाहिली. ती छत्तीस पौंड होती. गाडीच्या दाराच्या खांबावर चिकटवलेली कंपनीची पट्टी तीस म्हणत होती. पेट्रोलपंपावर पोरगा विचारतो, ‘पस्तीस टाकू?’ आणि आपण मान डोलावतो. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. तिच्यात जास्त हवा भरणे म्हणजे पैसे न देता गाडी कडक करून घेणे. मग खालच्या आर्मचे बुश आणि वरची माउंट नवी घातली. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले; एकच बदलायचा नसतो, नाहीतर गाडी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे वागते. मूळच्या मापाच्या स्प्रिंगा परत आल्या. शेवटी, आणि हे फार थोडे लोक करतात, आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी असताना, तिचे वजन पडल्यावर आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर ती खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी व्हील अलाइनमेंट. हे सगळे मिळून अकरा हजारांच्या आत झाले. गाडी नवी असताना चालत होती तशी चालू लागली. नऊ वर्षांत ती हळूहळू बिघडत गेली होती, म्हणून नवी कशी होती तेच मी विसरलो होतो.

ह्यावरून मी स्प्रिंगा बदलण्याच्या विरुद्ध आहे असा समज करून घेऊ नये. काही माणसांना बदल खरोखर हवा असतो. ज्यांनी डिकीत गॅसची टाकी बसवून घेतली आहे, त्यांच्या गाडीची मागची बाजू कायमची बसते. कारखान्यातूनच सीएनजीसह निघणाऱ्या काही गाड्यांना मागच्या स्प्रिंगा त्या वजनाच्या बेताने दिलेल्या असतात, हे उगीच नव्हे. ज्यांचे रोजचे जाणे द्रुतगती मार्गावर आहे आणि ज्यांना गाडी डुलते असे वाटते, त्यांनी मूळच्याच स्प्रिंगांसाठी बनवलेले चांगल्या प्रतीचे शॉकअप घ्यावेत. माझ्या मते ह्या सर्व बाजारात पैशाचे मोल देणारा माल बहुतेक तेवढाच. पण वेढ्यांमध्ये कोंबायचे रबराचे बफर? ते काही वेढ्यांना काम करू देत नाहीत. सारा भार उरलेल्यांवर पडतो आणि स्प्रिंग मोडू शकते. बसलेल्या स्प्रिंगेला औषध म्हणजे नवी स्प्रिंग. आणि उंची वाढवणारे स्पेसर? त्यांनी गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरपे होतात, रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तरुण मंडळींना गाडी खाली आणायची हौस असते. तीन सेंटिमीटर खाली आणली तर ते तीन सेंटिमीटर चाकाच्या वर जाण्याच्या जागेतून जातात, आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतात. पाच-सात आकडे फिरवून कडकपणा बदलता येणारे, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले महागडे संच मिळतात. ते शर्यतीच्या मैदानावर उत्तम. आपल्या गावात ते आकडे पहिल्या आठवड्यानंतर कोणी फिरवत नाही.

गतिरोधकाबद्दल एक शब्द बोलतो. इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवलेला गतिरोधक ३·७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असतो. ताशी पंचवीसच्या वेगाने तो ओलांडला तर चहाही सांडू नये. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो आहे तो हातभर रुंद आणि वीतभर उंच. रात्री कोणीतरी डांबर ओतून सकाळी निघून गेले असावे. अशा उंचवट्यावर चाक इतक्या झटक्याने वर जाते की शॉकअपमधल्या तेलाला वाट काढायला वेळच मिळत नाही. जितका कडक शॉकअप, तितका धक्का जास्त. ह्याला मोटारीच्या दुकानात उपाय नाही, तो नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात आहे. (हशा) अध्यक्षमहाराज हसताहेत, त्यांना अनुभव आहे.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना उत्तर देऊन थांबतो.

पहिली: ‘गॅसचे शॉकअप तेलाच्या शॉकअपपेक्षा मऊ असतात काय?’ नाही. त्यातही तेलच असते. नायट्रोजन वायू असतो तो तेलावर दाब ठेवण्यासाठी. सतत खालीवर हलून तेलाला फेस आला तर दट्ट्याला विरोध राहत नाही, आणि तो फेस हा दाब होऊ देत नाही. ही कल्पना द कार्बन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १९५०नंतरच्या काळातली. लांबच्या खराब रस्त्यावर तिचा फायदा दिसतो. मऊपणा मात्र झडपांवर अवलंबून असतो, वायूवर नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘हे बदल कायद्याने चालतात का?’ बिघडलेल्या भागाच्या जागी तशाच मापाचा भाग घालणे ही दुरुस्ती झाली. तिला कोणी हरकत घेणार नाही. पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ सांगितलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तेव्हा उंची वाढवण्याआधी किंवा कमी करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारावे. मी त्या लाल स्प्रिंगा बसवताना दोघांनाही विचारले नव्हते, हे कबूल करतो. त्या अजून माळ्यावर आहेत. आई बरी झाल्यावर एकदा वर चढलेल्या मुलाला म्हणाली, ‘त्या तिथंच राहू देत. भंगारवाल्यालाही देऊ नको, तो कोणाला तरी विकेल.’